पुलापर्यंतचा निरोप

माझी आई आजारी नव्हती. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. माझा लागला तेवढा पुरे. ती आजारी नाही हे कळायला मला चार दिवस लागले. तेवीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला एक साधी बेरीज करायला चार दिवस! माझ्या विद्यार्थ्यांना कळलं असतं तर पोट धरून हसले असते.

पन्नाशी लागली तेव्हा मी इंदूरच्या शाळेतली नोकरी सोडली आणि दोन वर्षांसाठी स्वयंसेवक शिक्षिका म्हणून मलावीला गेले. आफ्रिकेतला लहानसा देश, तिथलं एक खेडं, त्या खेड्यातली शाळा. दिल्लीच्या एका संस्थेनं माझी निवड केली होती आणि तिथे काम करायच्या परवान्याची कागदपत्रंही तिनंच करून दिली. स्नेहलतागंजातल्या आमच्या घरी ही बातमी सांगितली तेव्हा आधी सगळे हसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मालव्यातून मलावीत? अगं, त्यापेक्षा इथं जवळ देपालपुरला जा ना, तिकडेही बच्चे आहेतच की." धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुझी पण ना, एकेक हौस!" हा 'हौस' शब्द लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. निघायच्या दिवशी आईनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली, मी ती चाटली, आणि तिनं विचारलं, "दोन वर्षं म्हणजे किती दिवस गं?" मी म्हटलं, सातशे तीस. "बापरे," ती म्हणाली आणि चमचा धुवायला आत गेली.

मी लग्न केलेलं नाही. बिनलग्नाची बहीण म्हणजे घरातली जास्तीची खुर्ची असते. एरवी ती भिंतीशी असते, आणि कुणाला बसायची गरज पडली की आधी तीच ओढतात. हे मला मलावीला जाण्याआधीही माहीत होतं. तिथे गेल्यावर मात्र विसरले, आणि विसरले ते बरं वाटलं म्हणूनच.

शाळा टेकडीच्या उतारावर होती. विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, पावसात आवाज इतका की फळ्यावर लिहूनच बोलायचं. मुख्याध्यापिका माझ्याच वयाची, रुंद बांध्याची, मोठ्यानं हसणारी बाई. ती सायकलवर येई आणि सायकल वर्गातच लावी. आठवीत नऊ मुली होत्या. आठवीच्या शेवटी तिथे सरकारी परीक्षा असते, तीत चांगले मार्क मिळाले तरच पुढच्या शाळेत जागा मिळते. नाही मिळाली तर मक्याचं शेत, नाहीतर लग्न, बहुतेक दोन्ही. आदल्या तीन वर्षांत त्या शाळेतली एकही मुलगी पुढे गेली नव्हती. अडायचं ते गणितात. म्हणून शाळा सुटल्यावर ह्या नऊजणींना मी रोज दोन तास व्हरांड्यात बसवायची. नऊच्या नऊ पुढे पाठवीन असं मी मुख्याध्यापिकेला छातीठोक सांगितलं होतं. ती म्हणाली, "चार गेल्या तरी मी नाचेन." मी म्हटलं, नाचायची तयारी ठेवा.

त्या नऊजणींतली एक आठवड्यातून दोनतीन दिवस यायचीच नाही. आई आजारी आहे, असं कळायचं. शेवटी मी तिच्या घरी गेले. आई खरंच अंथरुणाला खिळलेली होती, मुलगी चुलीपाशी, आणि तिचा थोरला भाऊ दाराशी बसून रेडिओ उघडून त्यातल्या तारा हलवत होता. मी मुलीला इंग्रजीत विचारलं, "यू हॅव नो ब्रदर?" तिनं भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी काहीतरी फारच मजेदार बोलल्यासारखी ती हसायला लागली. मला हसू आलं नाही. मी मुख्याध्यापिकेला बोलावून आणलं, तिनं त्या भावाची त्यांच्या भाषेत अर्धा तास हजेरी घेतली. पुढच्या सोमवारपासून भाऊ मक्याचं पीठ ढवळायला लागला आणि मुलगी वर्गात दिसायला लागली. तेव्हापासून माझा तो प्रश्न वर्गातली थट्टाच होऊन बसला. कुणी घरच्या कामाचं कारण सांगितलं की बाकीच्या आठजणी एका सुरात ओरडायच्या, "यू हॅव नो ब्रदर?" मला त्याचा फार अभिमान होता. आपण काहीतरी पक्कं शिकवलं, असं वाटायचं.

तिकडे एक रिवाज आहे. पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत. तो निघाला की घरचे त्याच्याबरोबर चालायला लागतात, निम्म्या वाटेपर्यंत, कधी त्याहूनही पुढे, आणि मग परत फिरतात. आपल्याकडे 'पोचवायला जाणं' म्हणतात तसंच, पण आपण ते स्टेशनापुरतं ठेवलंय, ते लोक रोजचंच करतात. मुख्याध्यापिकेकडे चहाला गेले तरी ती अर्धी टेकडी माझ्याबरोबर उतरायची, मग मी सौजन्य म्हणून तिला थोडी वर पोचवायची, आणि असं आमचं दोन-तीनदा वरखाली व्हायचं. इंदूरच्या बाईला गप्पांची ही सोय भारी आवडली होती.

चौदा महिने झाले होते. जानेवारी होता; तिकडे जानेवारी म्हणजे ऐन पावसाळा. परीक्षेला चार महिने उरले होते आणि आम्ही अपूर्णांकांवरून टक्केवारीवर आलो होतो. भावाचा फोन आला. "ताई, आई सीरियस आहे. आयसीयूत आहे. तू बस निघून ये. तिकीट मी काढून टाकलंय." आवाज कापत होता त्याचा. आजही मला कळत नाही की तो आवाज त्यानं कसा कापवला.

मी पंधरा दिवसांची रजा घेतली. मुलींना पंधरा दिवसांचा अभ्यास फळ्यावर लिहून दिला, वहीत उतरवून घेतला. एक पेटी, छत्री, चपला, पोह्यांचा स्टीलचा डबा, सगळं तिथेच ठेवलं. आजारी माणसाकडे धावत जाताना कुणी घर आवरून जात नाही. मुख्याध्यापिका आणि नऊजणी मला पोचवायला निघाल्या. टेकडीखाली ओढा आहे, त्यावर लाकडी फळ्यांचा पूल आहे, आणि पुलापलीकडून डांबरी सडक गाठायला आणखी वीस मिनिटं लागतात. पुलाशी मुख्याध्यापिका थांबली. म्हणाली, "इथवरच. पुरती वाट आज चालले तर तू गेलीसच असं होईल. उरलेली अर्धी तू कायमची जाशील तेव्हा." मी पूल ओलांडला आणि मागे पाहून ओरडले, पंधरा दिवस! नऊजणींनी हाताची बोटं दाखवली, पुरली नाहीत म्हणून एकमेकींची घेतली.

इंदूरच्या विमानतळावर भाऊ आला होता. "आता खतऱ्याबाहेर आहे," तो म्हणाला. "कालच घरी आणलं. परेशान होऊ नको." मला इतकं हायसं वाटलं की मी गाडीत बसून रडले. त्यानं मला पाण्याची बाटली दिली, खिडकीची काच वर केली आणि बाहेर बघत राहिला. मला वाटलं तोही रडतोय.

आई मधल्या खोलीत पलंगावर होती, छातीपर्यंत शाल ओढून. माझ्याकडे पाहून तिनं डोळे मिटले. आवाज बारीक. भावजय चमच्यानं तिला मुगाचं कढण पाजत होती. मी तीन दिवस आईच्या उशाशी बसले. पाय चेपले, केस विंचरले, तिला टेकडीच्या, पुलाच्या, नऊजणींच्या गोष्टी सांगितल्या. तिनं एकदा विचारलं, "तिकडे तुला आवडतं?" मी म्हटलं, हो, खूप. तिनं कूस बदलली. तिपाईवर गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या आणि त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती. मी पाहिलं होतं ते. पण आपण जे बघतो त्याची बेरीज करायची की नाही हे शेवटी आपल्यावर असतं, आणि मला करायची नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी कचरा गाडी आली तेव्हा मी ओला-सुका घेऊन खाली उतरले. शेजारच्या काकू त्यांची बादली घेऊन उभ्या होत्या. मला बघून त्यांनी बादली खाली ठेवली. "अगं बाई! तू कधी आलीस? आईनं सांगितलं नाही! गुरुवारी तर आम्ही सराफ्यात गराडू खाऊन आलो. तुझ्या आईनं तर भिया, दोन प्लेट उडवल्या, वरून मसाला एक्स्ट्रा."

गुरुवारी. भावाचा फोन बुधवारी आला होता. आयसीयूतली माझी आई गुरुवारी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत उभी राहून तळलेल्या कंदाच्या फोडी, गराडू, खात होती, वरून मसाला एक्स्ट्रा.

मी वर आले. आई पडून होती. मी म्हटलं, "गराडू कसे होते?"

ती उठून बसली, कुणाचाही आधार न घेता. शाल घडी करून उशाशी ठेवली. "तिनं सांगितलं वाटतं," ती म्हणाली. "तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही."

भावाला कामावरून बोलावून घेतलं. तो आला, डायनिंग टेबलाशी बसला आणि मोबाईल उलटा करून ठेवला. तेव्हाच मला कळलं की आता खरं बोलणार आहे. त्याला आणि भावजयीला कॅनडाला कायमचं राहायची परवानगी मिळाली होती. गेली तीन वर्षं अर्ज चालू होता. मला कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं होतं. आई तिकडे जाणार नाही म्हणाली होती, थंडी सोसत नाही. "मग कोणीतरी इथे पाहिजे ना, ताई," तो म्हणाला. "तू समजून घे. माझा करिअरचा सवाल आहे."

मी गेले तेव्हा ती हौस होती. तो चालला तर ते करिअर.

"मला सरळ सांगायचं होतं," मी म्हटलं.

"सरळ सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले. आधी मुलींची परीक्षा होऊ दिली असती. मग आले असते."

"तेच तर," तो म्हणाला. जसं काही मीच त्याची बाजू सिद्ध करून दिली होती.

मी आईकडे पाहिलं. भावाचं मला तेवढं लागलं नाही, खरं सांगते. तो लहानपणापासून असाच आहे, त्याच्या वाटणीचा लाडूही त्याचा आणि माझ्या वाटणीचाही. पण तीन दिवस मी त्या बाईचे पाय चेपले होते. रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना बघितलं होतं. "तू कशी काय तयार झालीस?" मी विचारलं.

"मी कुठे म्हटलं मी आजारी आहे?" आई म्हणाली. "तोच म्हणाला. मी नुसती पडून राहिले."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब मारायची तरी कुणाच्या नावाने? मी म्हटलं, ठीक आहे, तुमचं नाटक पार पडलं, माझं परतीचं तिकीट नऊ दिवसांनंतरचं आहे, मी जाणार. आईला कुणी ठेवायचं ते तुम्ही बघा. भावानं उलटा ठेवलेला मोबाईल सुलटा केला, पुन्हा उलटा केला. भावजय चहा टाकते म्हणून आत गेली. आणि मग तो म्हणाला, "दिल्लीच्या ऑफिसला मी मेल करून टाकलाय."

संस्थेचा फॉर्म भरताना एक रकाना होता: अडीअडचणीला संपर्क कुणाशी करायचा. त्यात मी, माझ्या हातानं, माझ्या सुवाच्य शिक्षकी अक्षरात भावाचं नाव आणि नंबर लिहिला होता. बिनलग्नाच्या बाईनं दुसऱ्या कुणाचं नाव लिहायचं? त्याच नात्यानं त्यानं कळवलं होतं की आईची प्रकृती गंभीर असून बहिणीला परत येणं शक्य नाही, कृपया तिला मोकळं करावं. सोबत आमच्या घरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलेलं. हे डॉक्टर भावाचे शाळेतले दोस्त. मी विमानात होते तेव्हा हे पत्र पोचलंही होतं.

मी दिल्लीला फोन लावला. तिकडचा तरुण अधिकारी फारच गोड बोलला. "मॅम, फॅमिली पहले. हम किसी वॉलंटियर को फोर्स नहीं करते." मला यायचंय, मी म्हटलं. तो म्हणाला, जागा भरली गेली, एक कॉम्प्युटर शिकवणारा मुलगा वेटिंगवर होता, तो निघालासुद्धा. परवाना संस्थेच्या नावावर असल्यामुळे तो बंद करायची अर्जी गेलेली आहे. चौदा महिन्यांची माझी जागा भरायला त्यांना पाच दिवस पुरले. "आपकी मदर के लिए प्रे करेंगे, मॅम," तो म्हणाला.

एक मार्ग होता. मेल लिहून सांगायचं की माझी आई ठणठणीत आहे, भावानं खोटं कळवलं, सर्टिफिकेट खोटं आहे. मी ते लिहिलं. चार वेळा लिहिलं. पाठवलं असतं तर डॉक्टर अडकला असता, भावाचं कॅनडा कदाचित अडकलं असतं, आणि मला जागा मिळाली असतीच असंही नव्हतं. पण ही सगळी नंतर सुचलेली कारणं आहेत. खरं कारण असं की आपल्या आईनं आपल्याला फसवलं हे परक्या माणसाला लेखी द्यायची मला लाज वाटली. त्यांनी मला विकलं आणि मी त्यांची अब्रू राखली. ते पत्र अजून ड्राफ्टमध्ये पडलेलं आहे.

त्याच लाजेपोटी मी मुख्याध्यापिकेशीही खोटं बोलले. तिचा फोन आला, "अमायी कशी आहे?" तिकडे आईला अमायी म्हणतात. मी म्हटलं, बरी नाही. मला येता येणार नाही. तिनं फोनवरच, त्यांच्या भाषेत, माझ्या आईसाठी प्रार्थना सुरू केली. लांबलचक प्रार्थना होती. मी हॉलमध्ये उभी राहून ती ऐकत होते आणि स्वयंपाकघरात आई मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी वाटत होती.

फेब्रुवारीत भाऊ आणि भावजय गेले. निघताना आईनं त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली, तीच वाटी, तोच चमचा. तो माझ्या पाया पडायला आला. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. "ताई, आईकडे बघ," तो म्हणाला. बघण्यासारखं फारसं काही नव्हतं, ती ठणठणीत होती. विमानतळावरून परतल्यावर तिनं थोडं रडून घेतलं आणि मग खिचडी मागून घेतली, वर तूप.

त्यानंतर घरात आम्ही दोघी. आम्ही बोलत होतो, नाही असं नाही. दूधवाला आला का, गिझर बंद कर, आज काय करू. माफी तिनं मागितली नाही आणि मी तशी वाट बघतेय हे तिला दिसू दिलं नाही. इंदूरच्या शाळेत परत जावं म्हटलं, तर तिथे माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या होत्या. कॉलनीतल्या दोन मुलांना मी गणित शिकवायला घेतलं. चांगली होती मुलं. त्यांच्या वह्या तपासताना मला दुसऱ्याच वह्या आठवायच्या, पावसानं कडा फुगलेल्या, आणि मी लाल पेन खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहायची.

मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी मुख्याध्यापिकेचा व्हिडिओ कॉल आला. हॉलमध्ये दिवाणावर आई बसली होती, मांडीवर परात, मटार सोलत होती. मी फोन उचलला. पडद्यावर आधी नुसता पाऊस आणि चिखल, मग मुख्याध्यापिकेचं तोंड, अगदी जवळ. "आम्ही पुलावर आहोत," ती ओरडली, कारण ओढा फुगला होता आणि त्याचा आवाज येत होता. "अर्धी वाट राहिली होती. तू येऊ शकत नाहीस, तर तुझं सामान आम्ही पोचवतोय. चल आमच्याबरोबर."

आणि त्या चालायला लागल्या. माझी पेटी एकीच्या डोक्यावर होती. स्टीलचा डबा एकीच्या काखेत. माझी छत्री एका मुलीनं मिटूनच हातात धरली होती, ती स्वतः भिजत होती. त्या गात होत्या. पूल मागे पडला, चढ लागला, मक्याची पिकं दोन्ही बाजूंना आता माणसाच्या वर गेलेली. मी इकडे हॉलमध्ये उभी. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मीही चालते आहे, हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. चालता चालता मी मुली मोजल्या. सात होत्या. पुन्हा मोजल्या. शिक्षकाची सवय जात नाही. "दोघी कुठे आहेत?" मी विचारलं. मुख्याध्यापिका म्हणाली, "एकीचं लग्न झालं. एक येत नाही आता. नवा मुलगा छान आहे, कॉम्प्युटर शिकवतो. वीज असते तेव्हा."

मला रडू कोसळलं. तेव्हा मी आईकडे पाठ केली, कारण तिला माझं रडणं दाखवायचं मला जिवावर आलं होतं.

डांबरी सडक आली. सामान जिल्ह्याच्या गावी नेणारी मिनीबस उभी होती. पेटी वर चढवली. मुख्याध्यापिका फोन तोंडासमोर धरून म्हणाली, "झालं. आता तुझी वाट पुरी झाली. आता तू गेलीस." मग तिनं विचारलं, "आणि अमायी? आम्हाला अमायी दाखव. रोज प्रार्थना करतोय आम्ही तिच्यासाठी."

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी फोन दिवाणाकडे वळवला. आईला इंग्रजी येत नाही. पण पडद्यावर सात ओल्या मुली हात जोडून, गुडघे किंचित वाकवून उभ्या आहेत आणि "अमायी, अमायी" म्हणताहेत, हे तिला दिसलं. मी म्हटलं, "तुझी तब्येत कशी आहे विचारताहेत. रोज प्रार्थना करतात तुझ्यासाठी."

आता तरी. मला वाटलं, आता तरी ह्या बाईचा चेहरा पडेल.

आईनं परात बाजूला सारली. हळूच लोडाला टेकली. पायाशी पडलेली शाल छातीपर्यंत ओढली आणि खोकली. एकदा, मग थांबून दोनदा. मग त्याच बारीक आवाजात, जो मी जानेवारीत तीन दिवस ऐकला होता, म्हणाली, "सांग त्यांना, आता थोडं बरं आहे."

ते माझी लाज राखायला केलं की तिची, मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही. त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला. तरी मी सांगितलं. "शी इज अ लिटल बेटर," मी म्हटलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. अशी मीही त्या खोट्यात पुरती शिरले, आणि कुणी मला ढकललं नव्हतं.

तेवढ्यात छत्रीवाली मुलगी पुढे झाली. तीच, रेडिओवाल्या भावाची बहीण. तिनं फोनमध्ये वाकून बघितलं, आधी आईकडे, मग बाजूला, मागे, हॉलभर, जसं कुणाला शोधते आहे. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "यू हॅव नो ब्रदर?"

ब्रदर एवढा शब्द आईला येतो. ती माझ्याकडे बघत होती.

"नो," मी म्हटलं.

'नो' पण तिला येतं. ती लोडावरून सरळ झाली, परात परत मांडीवर घेतली. सोलायचे मटार बरेच राहिले होते. ती पुन्हा खोकली नाही.